लुटुपुटीच्या लढाईंतली टेकडी

दुपारचें जेवण आटोपलें आहे, कॉफी अजून यावयाची आहे, आणि खोलींत लहान मुलांचीं खेळणीं जिकडे तिकडे पडलीं आहेत. जवळच्या एका लहानशा मेजावर शिशाचे चारपांच शिपाई उभे आहेत आणि त्यांच्या सोबतीला स्प्रिंगनें उडणारी एक खेळण्यांतली तोफ आहे. जेवून उठलेल्या दोन प्रौढ, प्रतिष्ठित लेखकांपैकीं एकजण खुर्ची ओढून त्या मेजाशीं बसतो, तोफ इकडून तिकडून निरखतो, तींत इंचभर लांबीची लाकडी गोळी भरतो, नेम धरतो आणि एक शिपाई आडवा पाडतो. तें पाहून दुसऱ्याला स्वस्थ बसवत नाहीं. एच. जी. वेल्स यानें १९१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘लिटल वॉर्स’ या चिमुकल्या पुस्तकाची हकीकत येथून सुरू होते. नेम मारणाऱ्या मित्राचीं त्यानें नुसतीं आद्याक्षरें दिलीं आहेत. तो विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असावा असें सामान्यतः मानतात.

या प्रसंगांतील तोफ वाचणाराच्या ध्यानांत राहते. मला मात्र त्याच्या पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. नुसती नेमबाजी लवकरच कंटाळवाणी होते. उघड्या जमिनीवर शिपाई मांडावे आणि ते पाडावे, यांत कौशल्य असेल, पण लढाई नाहीं. कारण लढाईला लपावयास आडोसा लागतो, चढावयास चढ लागतो, शत्रूच्या दृष्टीस न पडतां पुढें सरकावयास वाट लागते. म्हणून वेल्सनें व त्याच्या मित्रानें ज्ञानकोशाचे जाडजूड खंड आणि असेंच कांहींबाही गोळा केलें आणि गालिच्यावर त्यांचा एक ओबडधोबड देश मांडला. टेकडी आली आणि नेमबाजीची लढाई झाली.

या गोष्टीला आज शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. ज्ञानकोशाच्या खंडांपासून निघालेली ती टेकडी आतां एका स्वतंत्र कारागिरीचा विषय झाली आहे. इंग्लंड-अमेरिकेंत मेजावर लढाया खेळणाऱ्यांचीं मंडळें आहेत, मासिकें आहेत, आणि चिमुकल्या टेकड्या, झाडें, कुंपणें व घरें करण्यांत आयुष्याच्या संध्याकाळी घालविणारे गृहस्थ आहेत. त्यांच्या कामाची तारीफ पुष्कळ होते. परीक्षण क्वचित होतें. ‘किती हुबेहूब!’ एवढें म्हटलें कीं पाहणाराचें कर्तव्य संपलें असें दिसतें. परंतु हुबेहूबपणा ही या कारागिरीची खरी कसोटी आहे काय? मला तसें वाटत नाहीं. मेजावरील टेकडीचें खरेंपण तिच्या दिसण्यांत नसतें, तिच्यामुळें काय घडतें यांत असतें. जिच्यावर उभें राहिल्यानें खेळांत खरोखर फरक पडतो, आणि जी दोन्ही पक्षांना सारखाच अडथळा व सारखाच आसरा देते, ती टेकडी चांगली. मग ती पुस्तकांची चळत कां असेना.

ही कसोटी मीं बाहेरून आणलेली नाहीं. वेल्सच्या नियमांतच ती दडलेली आहे. त्याचा पहिला लक्षांत घेण्याजोगा नियम असा: देश एका खेळाडूनें मांडावा, आणि मैदानाच्या कोणत्या बाजूनें लढावयाचें तें दुसऱ्यानें निवडावें. दोघां भावांच्या वाटणींत एकानें वाटे करावे आणि दुसऱ्यानें आधीं उचलावा, म्हणजे वाटे करणाराचा हात आपोआप सरळ चालतो, हा व्यवहार आपल्याकडे खेड्यांतील म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहे. तोच व्यवहार वेल्सनें डोंगरांना लावला. एका बाजूस उंच कडा आणि दुसऱ्या बाजूस उघडें माळरान मांडणाराला त्या माळरानावर स्वतःच उभें राहावें लागेल! टेकडी कोठें ठेवावी हा प्रश्न त्यामुळें नुसत्या शोभेचा राहत नाहीं, न्यायाचा होतो.

दुसरा नियम याहून बारीक आहे. फळ्या, घरें वगैरे जेथें मांडलीं असतील तेथें त्यांच्या कडेनें खडूची रेघ ओढून ठेवावी असें तो सुचवितो. खेळ जमिनीवरचा; कोणाचा तरी पाय लागतो, कोणाचा तरी झगा घासून जातो, आणि टेकडी चार बोटें सरकते. ती पुन्हां नेमकी जागेवर ठेवतां आली नाहीं तर जो शिपाई आडोशाला होता तो उघड्यावर येतो, आणि भांडण जुंपतें. खडूची ती रेघ हा दोन खेळाडूंमधील करार आहे. तिसरा नियम घरांविषयीं. घरें भरीव असावींत, पोकळ नसावींत. कारण पोकळ घरांत शिपाई ठेवले कीं आंत कोण, बाहेर कोण, गोळी कोणास लागली, याचा घोळ होतो. या तिसऱ्या नियमाकडे आपल्याला शेवटीं परत यावयाचें आहे.

वेल्सच्या पुस्तकांतील छायाचित्रें आजच्या डोळ्यांना बाळबोध वाटतात. ठोकळ्यांचीं घरें आणि बागेंतून मोडून आणलेल्या डहाळ्यांचीं झाडें पाहून आजचा कारागीर कदाचित् हंसेल. पण त्या ओबडधोबड देशांत एक गोष्ट खरी होती, आणि ती आज दुर्मिळ झाली आहे. वेल्सची तोफ खरोखर उडत असे. तिची लाकडी गोळी फळीला आपटली तर फळीच्या मागचा शिपाई वांचे. त्यासाठीं नियमपुस्तक उघडावें लागत नसे. टेकडी टेकडीचें काम स्वतःच्या अंगानें करीत होती.

टेकडीचें हें काम वेल्सच्या पूर्वीं दोघांनीं दोन वेगळ्या रीतींनीं करून पाहिलें होतें. प्रशियांतील गेऑर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यानें १८१२ सालीं आपल्या राजाला, तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमला, युद्धाच्या खेळाचें एक मोठें मेज नजर केलें. त्यावर जमिनीचे सुटे चौरस तुकडे मांडावयाचे असत. त्यांवर चढउतार उठावानें दाखवून रंगविलेले होते, आणि ते हवे तसे जुळवून हवा तो प्रदेश करतां येई. राजवाड्याला शोभेल अशीच ती वस्तु होती. पण त्याच्या मुलानें, तोफखान्यांतील एका तरुण अधिकाऱ्यानें, १८२४ सालीं हा खेळ सैन्याच्या हातीं दिला तेव्हां उठावाचे तुकडे बाजूला ठेवून एकास आठ हजार या प्रमाणाचा कागदी नकाशा घेतला. खऱ्या मुलुखाचे नकाशे मिळूं लागले होते. मग मनःकल्पित टेकड्या कशाला? सेनापतींना तें पटलें, आणि टेकडी चपटी झाली. पुढें १८८१-८२ च्या हिवाळ्यांत आर. एल. स्टीव्हन्सन आपला सावत्र मुलगा लॉइड ऑझबोर्न याच्याबरोबर स्वित्झर्लंडमधील दावोस येथें माळ्यावर असाच खेळ खेळे. त्याचे डोंगर, नद्या आणि गांवें जमिनीवर रंगीत खडूनें काढलेलीं असत. क्षयानें खंगलेल्या त्या माणसाची तेवढ्या माळ्यावरची मोहीम ही स्वतंत्र निबंधाची गोष्ट आहे. येथें एवढेंच सांगावयाचें कीं खडूचा डोंगर बुद्धीला पुरतो, डोळ्याला पुरत नाहीं. त्याच्या मागें कोणी लपलें आहे असें आपण मानतों. पण खालीं वांकून, गाल मेजाला टेकून, ‘येथून तुझा घोडेस्वार दिसतो’ असें म्हणतां येत नाहीं. उठावाच्या टेकडीचा हा खरा नफा आहे: ती खेळणाराला शिपायाच्या डोळ्यांनीं पाहावयास लावते.

वेल्सनंतर मात्र तोफ हळूहळू गेली आणि तिच्या जागीं फांसा आला. डोनाल्ड फेदरस्टोन याच्या १९६२ सालच्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकानंतर हा खेळ इंग्लंडांत फार पसरला. त्यांत गोळी लागली कीं नाहीं हें फांशांवर ठरतें. यांत सोय आहे, शिवाय शिपायांचा रंगही खरवडत नाहीं. परंतु टेकडीच्या दृष्टीनें हा मोठा पालट झाला. गोळी अडविण्याचें तिचें काम नियमांनीं उचललें, आणि काम सुटलेल्या माणसाप्रमाणें ती नटण्यामुरडण्याकडे वळली.

हें नटणें साधें नाहीं. पूर्वीं तारेची जाळी, कागदाचा लगदा आणि प्लास्टर यांवर काम भागे; त्याहून सोपा मार्ग म्हणजे पुस्तकांवर हिरवें कापड पसरणें. आतां बहुतेक कारागीर थर्माकोल किंवा त्याच जातीचा पण अधिक घट्ट असा फोम घेतात. तापलेल्या तारेनें तो लोण्यासारखा कापला जातो. कडा घासून उतरत्या करावयाच्या, वर सुताराचा पांढरा गोंद फांसून बारीक वाळू पेरावयाची, ती वाळली कीं गडद तपकिरी रंगाचा हात द्यावयाचा, आणि मग जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें फिकट रंग नुसता वरवर फिरवावयाचा. हा रंग उंचवट्यांना तेवढा लागतो, खळगे काळसर राहतात, आणि मघांचा वाळूचा थर ऊन पडलेल्या जमिनीसारखा दिसूं लागतो. गवतासाठीं नायलॉनचे अगदीं आंखूड तंतू मिळतात. विजेचा भार दिलेल्या चाळणींतून ते गाळले कीं ओल्या गोंदावर ताठ उभे राहतात. झाडाचें खोड तारांना पीळ घालून करतात आणि तारांचीं टोकें उकलून फांद्या काढतात. पानांसाठीं रंगविलेल्या स्पंजाचा चुरा असतो, किंवा उत्तरेकडील रेनडियर हिवाळ्यांत ज्यावर चरतात तें दगडफूल असतें. आपल्या मसाल्याच्या डब्यांतील दगडफुलाचें तें लांबचें भावंड. ग्लिसरिनांत मुरवून मऊ ठेवलें म्हणजे त्याच्या एका चिमटीचें झुडूप होतें. पिकलेल्या शेतासाठीं तर काथ्याचें पायपुसणें कापून वापरतात, आणि ज्याला ठाऊक नाहीं त्याला तें ओळखूं येत नाहीं.

या कौशल्याचें कौतुक कोणीही करील. परंतु येथेंच प्रमाणाचा प्रश्न उभा राहतो, आणि हुबेहूबपणाचा दावा त्यापुढें टिकत नाहीं. आज फार वापरांत असलेला शिपाई सुमारें २८ मिलिमीटर उंच, म्हणजे खऱ्या माणसाच्या साठाव्या हिश्शाएवढा असतो. त्याच प्रमाणानें भूमि करावयाची म्हटलें तर एक मैल ८८ फूट लांब होईल. १०० यार्डांवर झाडलेली बंदुकीची गोळी ५ फूट, म्हणजे बहुतेक मेजाच्या पलीकडे जाऊन पडेल. आणि पन्नास फुटी झाड दहा इंचांचें होऊन त्याच्याखालून शिपाई हलविण्यास हात घालणें कठीण पडेल. म्हणून भूमीचें प्रमाण माणसाच्या प्रमाणाहून पुष्कळच लहान धरावें लागतें. तीन घरें म्हणजे गांव. सहा झाडें म्हणजे रान. रंगभूमीवर दोन भालदार उभे राहिले कीं दरबार भरला असें आपण मानतों, तसाच हा संकेत आहे. संकेत म्हणजे खोटेपणा नव्हे. पण संकेतानें काम करणारी कला ‘मी हुबेहूब आहें’ असें म्हणूं लागली म्हणजे ती स्वतःचा धर्म विसरते.

याचें सर्वांत चांगलें उदाहरण उताराचें आहे. गुळगुळीत उताराची टेकडी सुंदर दिसते. तिच्यावर धातूचा शिपाई ठेवला कीं तो घसरतो. म्हणून जुने खेळाडू पायऱ्यापायऱ्यांची टेकडी करीत. नकाशावरील समोच्च रेषा एकावर एक रचाव्या तशी ती असे. भाताच्या खाचरांची उतरण सोडली तर अशी टेकडी जगांत कोठें दिसत नाहीं, आणि शोभेच्या भोक्त्यांना ती डोळ्यांसमोर नको असते. तरीही माझें मत त्या पायऱ्यांच्या बाजूचें आहे. शिपाई तिच्यावर उभा राहतो. तो कोणत्या पायरीवर आहे यावर वाद होत नाहीं. आणि चढणीची अडचण डोळ्यांनीं मोजतां येते. रानाचेंही तसेंच. कांहीं कारागीर झाडें मेजावर कायमचीं रोवतात आणि मग त्या रानांत पलटण शिरूं शकत नाहीं. तें रान म्हणजे हिरवी भिंतच! समजूतदार कारागीर रानाची हद्द एका चपट्या तुकड्यानें दाखवितो आणि झाडें त्यावर सुटीं ठेवतो. पलटण आंत आली कीं झाडें उचलावयाचीं. रान जागच्या जागीं राहतें. अशा रानांत कलेचा कमीपणा नाहीं. दुसऱ्याचा हात आंत येणार आहे हें ध्यानांत ठेवून केलेली ती वस्तु आहे. उलट, आज पुष्कळ मेजें छायाचित्रासाठींच केलेलीं दिसतात. त्यांच्या कड्यांवर कोणी उभें राहूं शकत नाहीं, त्यांच्या ओढ्यांत वरून ओतलेलें पारदर्शक पाणी लखलखतें, आणि खेळाडू आपल्या पाहुण्याला सारखें सांगत असतो, ‘जरा जपून, तेथें हात लावूं नका.’ ज्या टेकडीला हात लावावयाचा नाहीं ती लढाईची टेकडी नव्हे.

मग सौंदर्याला येथें जागाच नाहीं काय? आहे. दोन कुंपणांमधून जाणारी बोळ इतकी स्वाभाविक दिसावी कीं खेळाडूला आपली तुकडी तिच्यांतूनच न्यावीशी वाटावी. टेकडीच्या माथ्यावरील पवनचक्की पाहून ती जागा हातची जाऊं नये असें त्याच्या मनानें घ्यावें. जें सौंदर्य खेळणाराला भूमीवर विश्वास ठेवावयास लावतें तें येथें शोभतें. जें त्याला हात मागें घ्यावयास लावतें तें कपाटांत शोभतें.

वाचकांच्या मनांत येथवर आपला दिवाळीचा किल्ला आलाच असेल. दगड, विटा आणि गोणपाट यांवर चिखल थापून केलेला डोंगर, आळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत उगवलेलें गवत, पायथ्याशीं मातीचे मावळे, आणि माथ्यावर सिंहासनारूढ शिवाजीमहाराज! साहित्य पाहिलें तर आपलीं मुलें या विलायती कारागिरांचीं सख्खीं भावंडें आहेत. आणि जिवंत अंकुरांचें गवत नायलॉनच्या गवताहून निश्चितच सरस आहे. परंतु दोहोंचा हेतु निराळा आहे. किल्ल्यावर कोणी लढत नाहीं. महाराज दरवाजापेक्षां उंच असतात आणि कोणाला त्यांत चूक दिसत नाहीं, कारण तेथें आकार मानावर ठरतो, मापावर नाहीं. किल्ला हें एक स्मारक आहे, आणि स्मारकाकडे मान वर करून पाहावयाचें असतें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. मात्र एक गोष्ट त्यानें शिकवितां येत नाहीं. १६६० सालीं बाजीप्रभूंनीं घोडखिंड थोपवून धरली, ती शौर्यानें तर खरीच, पण खिंड अरुंद होती म्हणूनही. त्या अरुंदपणांतून एका वेळीं किती माणसें पुढें येऊं शकत, हें मुलाला मेजावर मांडून दाखविलें तर बाजीप्रभूंचें मोठेपण रतीभरही कमी होणार नाहीं. ती खिंड निवडणारी दृष्टि मात्र त्याला प्रथमच दिसेल. भूमि ही इतिहासाची पार्श्वभूमि नाहीं, तें त्याचें एक कारण आहे. चांगली टेकडी हें कारण हातांत देते.

भूमीशीं असा प्रामाणिकपणा करणाराला काय सोसावें लागतें, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विल्यम सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३० सालीं वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृति करावयास घेतली. त्यासाठीं तो ला ए सेंत या शेतवाडींत आठ महिने राहिला. हीच ती वाडी, जी १८१५ सालच्या लढाईंत इंग्रज फळीच्या मध्याशीं होती आणि जिच्यासाठीं शेंकडों माणसें पडलीं. तेथें राहून त्यानें तो सर्व मुलूख मोजला; आणि कोण कोठें उभा होता हें विचारण्यासाठीं हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रें पाठविलीं. १८३८ सालीं लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्यें प्रतिकृति लोकांपुढें आली. मैलास ९ फूट हें तिचें प्रमाण. लांबीरुंदी अठराएकोणीस फुटांची. आणि तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक चिमुकले शिपाई. ती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्यें आहे.

तिच्यावरचे शिपाई मापानें पाहिले तर भूमीच्या मानानें तिपटीहून मोठे आहेत. मैलास ९ फूट या हिशेबानें माणूस तीन मिलिमीटरांचा व्हावा. तो सुमारें दहा मिलिमीटरांचा आहे. म्हणजे सायबोर्नलाही संकेत टळला नाहीं. परंतु भूमि त्यानें वाकविली नाहीं. वाद झाला तो भूमीविषयीं नव्हे, तिच्यावर कोणी उभें राहावें याविषयीं. त्यानें संध्याकाळीं सात वाजतांचा क्षण निवडला होता, आणि त्या क्षणीं प्रशियन सैन्य रणांगणांत बरेंच पुढें आलेलें दाखविलें होतें. विजय आपला एकट्याचा कीं प्रशियनांच्या मदतीचा, हा प्रश्न त्या कथलाच्या बाहुल्यांवरून उभा राहिला, आणि वेलिंग्टनच्या गोटाला ती मांडणी रुचली नाहीं. सरकारनें पैसा पूर्वींच आंखडता घेतला होता. सायबोर्न कर्जांत बुडाला. पुढें त्यानें प्रशियनांची मांडणी बदलून त्यांचे पुष्कळ शिपाई कमी केले. हें दडपणामुळें कीं स्वतःचें मत पालटल्यामुळें, यावर इतिहासकारांचें एकमत नाहीं. १८४९ सालीं तो वारला.

या गोष्टीची दुसरी बाजू खुद्द वॉटर्लूच्या माळावर आहे. नेदर्लंड्सच्या राजाचा मुलगा त्या लढाईंत जखमी झाला, त्या जागीं स्मारक म्हणून एक प्रचंड टेकडी उभारण्यांत आली आणि तिच्या माथ्यावर सिंह बसविला. १८२६ सालीं ती पुरी झाली. चाळीस मीटरांहून उंच अशा त्या टेकडीसाठीं माती काढली ती आसपासची, ज्या कण्यावर इंग्रज सैन्य उभें होतें त्याचीच. तें पाहून ‘माझें रणांगण यांनीं पार बदलून टाकलें’ अशा अर्थाचे उद्गार वेलिंग्टननें काढले अशी आख्यायिका आहे. लढाईचें स्मारक करण्यासाठीं लढाईची जागाच खरवडून काढली! ज्या उताराच्या आड इंग्रज पायदळ लपलें होतें, तो आज माळावर पुरता उरलेला नाहीं. आणि सायबोर्नच्या मेजावर आहे. खरी भूमि गेली आणि खेळण्यांतली साक्षीला राहिली. स्मारक करणाराला उंची हवी होती. प्रतिकृति करणाराला उतार हवा होता. या कारागिरीविषयीं मला जें म्हणावयाचें तें एवढ्यांत बरेंचसें आलें.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. युद्धाचा खेळ करावाच कां? वेल्सनें पुस्तकाच्या शेवटीं त्याचें उत्तर दिलें आहे. त्याचा आशय असा कीं खऱ्या युद्धाचा मूर्खपणा आणि नासाडी कळावयाची असेल तर हें लहान युद्ध खेळून पाहावें. ज्यांना रणाची खुमखुमी आहे त्यांना एखाद्या खोलींत कोंडून असले शिपाई द्यावे म्हणजे जगाचें भलें होईल. विचार गोड आहे. पुस्तक निघालें १९१३ सालीं. दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि युद्धाची चेष्टा करणाऱ्या याच लेखकानें १९१४ सालीं, हें युद्ध युद्धांचा शेवट करील अशी ग्वाही देणारें पुस्तक लिहिलें. त्यावरून त्याला हंसणें सोपें आहे. माझ्या मतें त्याची चूक याहून खोल होती, आणि ती त्याच्या टेकडींतच दिसते. त्याचा देश न्याय्य होता. एकानें मांडला, दुसऱ्यानें बाजू निवडली. खऱ्या युद्धांत भूमि कोणी अशी मांडून देत नाहीं, आणि तेथें राहणाऱ्यांना बाजू निवडावयास कोणी सांगत नाहीं. लहान टेकडी जितकी अधिक निःपक्षपाती, तितकी ती खऱ्या टेकडीहून दूर. जो तिचा गुण तोच तिच्या शिकवणुकीची मर्यादा.

आणि येथें तो भरीव घरांचा नियम आठवतो. १९११ सालीं, ‘लिटल वॉर्स’च्या दोन वर्षें आधीं, वेल्सनें मुलांच्या खेळांवर ‘फ्लोअर गेम्स’ नांवाचें एक पुस्तक लिहिलें होतें. त्यांत त्याची दुकानदारांविरुद्ध एक तक्रार आहे: शिपाई हवे तितके मिळतात, पण साधीं, नागरिक माणसें मिळत नाहींत. मुलांना गांव वसवावयाचें आहे आणि गांवांत राहावयाला माणसें नाहींत! दोन वर्षांनीं त्याच ठोकळ्यांचीं घरें युद्धाच्या मैदानावर आलीं तेव्हां तीं भरीव झालीं. नियमाच्या सोयीसाठीं झालीं, हें खरें. पण भरीव घरांत शिपाई शिरत नाहींत तसा कोणी राहूंही शकत नाहीं. वॉटर्लूच्या माळावर जून महिन्यांत उंच वाढलेलें राईचें पीक उभें होतें. तें सैन्यांनीं तुडविलें. मेजावर तें काथ्याचें पायपुसणें असतें, आणि खेळ संपल्यावर पुन्हां पेटींत जातें. कोणाचें पीक होतें तें, हा प्रश्न कोणत्याही नियमपुस्तकांत येत नाहीं.

यावर खेळ टाकून द्यावा असें मी म्हणणार नाहीं. बुद्धिबळांतही प्यादीं मरतात आणि आपण रात्रीं सुखानें झोंपतों. परंतु बुद्धिबळाच्या पटावर घर नसतें, शेत नसतें, पाणवठा नसतो. ज्या कारागिरानें हीं हौसेनें केलीं त्यानें तेथें राहणाऱ्या माणसांची आठवणही आपणहून जागी केली आहे. तिला पुरें उतरणें हें त्याचें कर्तव्य आहे. कांहीं थोडे कारागीर तें पार पाडतात. त्यांच्या टेकडीच्या पायथ्याशीं एखादी बैलगाडी असते, कुंपणावर धुणें वाळत असतें, घराच्या मागें भाजीचा वाफा असतो. खेळाच्या नियमांत यांचा कांहींच उपयोग नाहीं, आणि खेळाला त्यांची अडचणही होत नाहीं.

म्हणून टेकडी पारखण्याच्या ज्या दोन कसोट्या मीं वर सांगितल्या, तिच्यावर उभें राहतां आलें पाहिजे आणि ती दोघांना सारखी असली पाहिजे, त्यांच्या जोडीला तिसरी सांगतों. खेळ संपला, हारजीत झाली, शिपाई मोजून पेटींत ठेवले, फांसे खिशांत गेले. त्यानंतर मेजाकडे एकदां पाहावें. मागें उरलेली भूमि नुसती रिकामी दिसते, कीं संध्याकाळ झाल्यावर तेथें कोणी तरी घरीं परत येणार आहे असें वाटतें? पहिल्या दोन कसोट्यांना उतरणाऱ्या टेकड्या पुष्कळ आहेत. तिसरीला उतरणारी विरळा.